नेढ्यातली गाठ

सुई अर्धी आत गेली आणि अडली. आजीने ती अंगठ्याने रेटली, मग पलीकडून चिमटीत धरून ओढली. सुईचं अंग बाहेर आलं, शेपूट काही येईना. बुधवारची सकाळ होती. खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी मागे सरताना पिकपिक वाजत होती, वरच्या मजल्यावर कुणीतरी रोजच्यासारखी खुर्ची फरफटवत होतं, आणि जिने उभा जन्म कापडात सुई घालण्यात घालवला तिची सुई साध्या सुती कापडात अडकून बसली होती. तिला आधी वाटलं, बोटांतलं बळ गेलं. डोळे गेले, आता त्यांच्या वाटेने बोटं निघाली. तिने दात आवळून जोर लावला तेव्हा ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि सुई एकदम सुटून आली. इतकी एकदम, की कोपर मशीनच्या कडेवर आपटून झिणझिण्या आल्या. टाक्याच्या जागी तिने नख फिरवलं. तिथे भोक पडलं होतं, सुईच्या मानाने फारच मोठं. मग तिने सुईचं नेढं खालच्या ओठाला लावलं. बोटांच्या टोकांना इतक्या वर्षांचे घट्टे. बारीक गोष्टी हल्ली ती ओठांनाच विचारायची, आणि ओठ अजून खोटं बोलायला लागले नव्हते. नेढ्यापाशी दोऱ्याची गाठ होती. गाठीवर गाठ मारलेली.

तिने सुयांची गादी मांडीवर घेतली आणि एकेक सुई उपसून ओठाला लावली. पांढऱ्या दोऱ्याची, निळ्या दोऱ्याची, पुन्हा निळ्या दोऱ्याची. सगळ्यांना गाठी. कुठे एक सुबक, कुठे एकावर एक बसलेल्या तीन, मुंगीएवढ्या, ओल्या हाताने घट्ट ओढलेल्या. एका सुईला तर दोऱ्याबरोबर एक केसही बांधला गेला होता, लांब आणि मऊ. तो ओठाला लागला तेव्हा आजीचा हात थांबला. मागच्या रविवारी लेक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पाळणाघराबद्दल बोलत होती, तिथली बाई किती चांगली आहे, मुलं कशी रमतात, आणि आतल्या खोलीतून काही आवाज येत नव्हता. लेक मधेच म्हणाली होती की आज फारच शहाण्यासारखी बसलीये, ताप तर नाही ना. म्हणजे तेव्हा हे चाललं होतं. खारूताई, लेकीची लेक, जिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते आणि जी दिसेल ती बारकी वस्तू मुठीत लपवते म्हणून तिचं हे नाव पडलं होतं, ती आतल्या खोलीत दार लोटून सुया ओवत बसली होती. ज्या सुईला हात लावायचा नाही असं आईने बजावलं होतं, तिलाच.

सुया ओवून ठेवायची पद्धत दोघींचीच. शनिवारी लेक कामावर जाताना मुलीला इथे सोडायची. बूट काढल्या काढल्या खारूताई गादी घेऊन खिडकीत बसायची आणि पुढच्या आठवड्याच्या सगळ्या सुया ओवायची. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून, एक डोळा मिटून, दुसरा नेढ्यावर रोखून, जणू तोफ डागायची आहे. मग आजी आठवडाभर एकेक सुई वापरे. दोरा संपला की सुई वेगळ्या डबीत, रिकाम्यांच्या. शनिवारी डबी पुन्हा खिडकीत. बाहेरच्याला वाटलं असतं की आजी नातीला कामात गुंतवतेय. लेकीलाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट फक्त नातीला ठाऊक होती, कारण तिनेच ती पकडली होती. आजी भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघत होती, आणि खारूताई बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाली होती, “तू कोंबडीसारखं काय बघतेस? घड्याळ तिकडे आहे, तू खिडकीकडे बघतेयस.” आजी हसली होती. कोंबडीला दोन्ही बाजूंचं दिसतं, तिला कुणी फसवू शकत नाही, असं काहीबाही तिने सांगितलं. पण त्या दिवसापासून गोष्ट दोघींची झाली, आणि खारूताईने ती इतर चोरून ठेवलेल्या वस्तूंसारखी मूठ आवळून सांभाळली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आजीला नीट समजावून सांगितलं होतं. डोळ्याचा मागचा पडदा मधोमध झिजत चाललाय. मधलं जाईल, कडेचं राहील. चालताफिरता येईल, दार, टेबल, माणूस दिसेल, पण ज्याच्याकडे रोखून बघाल नेमकं तेच दिसणार नाही. आजीला हे ऐकून पहिल्यांदा रडू आलं नाही, नवल वाटलं. कारण तिला कुठे काळा डाग दिसतच नव्हता. ती घरी येऊन भिंतीकडे बघत बसली. भिंत पांढरी, तर मधलंही पांढरं. चादर फुलांची, तर मधेही फुलंच. भोक होतं, पण दिसत नव्हतं. डोक्यातलं कुणीतरी आजूबाजूचं कापड घेऊन तिथे बेमालूम ठिगळ लावत होतं, रंगाला रंग, रेघेला रेघ जुळवून. इतकं सफाईचं रफू तिने कुणाकडून पाहिलं नव्हतं. फक्त त्या ठिगळाखाली काय गेलं ते कळत नसे. कपाची दांडी, पायरीची कड, समोरच्याचे ओठ. तिने लेकीला एवढंच सांगितलं की नंबर वाढलाय. लेकीला कामाच्या पाळ्या, नवऱ्याशी फारकत झाल्यापासून सगळं एकटीच्या अंगावर, आणि आजीला शनिवार हवा होता. डोळ्यांचं सांगितलं असतं तर शनिवार गेला असता. गेला तो गेलाच, पण वेगळ्या वाटेने.

कारखान्यात आजी खिसेवाली होती. तिथे अख्खी पँट कुणीच शिवत नसे. एक बाई नुसती कंबरपट्टी लावी, एक काजं करी, एक पायांचे शेवट दुमडी, आणि एका रांगेत सगळ्या मिळून एक शिंपी होत. ही खिसे लावायची. सकाळी डावीकडे गठ्ठा, संध्याकाळी उजवीकडे गठ्ठा, मधे खिसे. काजवाली तिची जिवाची मैत्रीण. ती म्हणायची, आपण मेल्यावर वर विचारतील काय केलंत, तर मी म्हणेन भोकं पाडली आणि तू म्हण पिशव्या लावल्या. डोळ्यांनी शिवणारी बाई तिथे टिकत नसे. मान वर, गप्पा चालू, आणि हात आपले धावताहेत. खिशाचं तोंड आलं की सुईला दुहेरी दुमड लागते, मशीनचा सूर किंचित जड होतो, टाका गच्च बसतो. त्या गच्च लागण्यावर हात आपोआप थांबे. बघावं लागत नसे. आणि खिसा झाला की दोन बोटं आत घालून कोपरे बाहेर ढकलायचे, मगच तो उजव्या गठ्ठ्यात. घरी भाजी निवडतानाही तिची ती दोन बोटं कधीकधी हवेत काहीतरी ढकलत असायची आणि लेक लहानपणी त्याची नक्कल करायची. डोळे झाकून खिसा लावीन, असं आजी सगळ्यांना सांगे. नातीलाही तिने ते अभिमानाने सांगितलं होतं.

खारूताईला खिसा हवा होता. तिच्या एकाही फ्रॉकला खिसा नव्हता. मुलींच्या कपड्यांना झालरी लावतात, खिसे लावत नाहीत, हे आजीच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. मग बटणं, पेन्सिलींची टोकं, बाटलीचं झाकण, कुठल्याशा कुलपाची किल्ली हे सगळं ठेवायचं कुठे? म्हणून दोघींनी निळ्या चौकटींच्या कापडाचा ॲप्रन बेतला. पोरीने खडूने रेघा मारल्या, वाकड्या. आजीने त्यांच्यावरून कापलं, सरळ. कडा दुमडून पोरीने टाके घातले, एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच गेलेला. आजी दर टाक्याला म्हणायची, “छान झालंय हं.” त्यात जरा लांबवलेला ‘हं’ असायचा. शिकणाऱ्याचं काम चांगलं नसतं, तरी त्याचा हात मोडू नये म्हणून तो असतो. खिसा मात्र मशीनवर लावायचा ठरलं. खारूताई आजीच्या मांडीवर बसली, आजीचे पाय पायट्यावर, आणि चार हात कापडावर. पहिली बाजू झाली. खिशाच्या तोंडापासून खाली कोपऱ्यापर्यंत टीप सरळ गेली, आणि पोरीच्या केसांना साबणाचा वास येत होता, आणि आजी कित्येक महिन्यांत इतकी सुखी झाली नव्हती. तिने कोपऱ्याकडे रोखून बघितलं. निळ्या चौकटी, त्यांच्यात निळ्या चौकटी, कुठेही खंड नाही. पोरीचं बोट त्या चौकटींखाली होतं. डोक्यातल्या त्या कुणीतरी त्याच्यावर नेहमीच्या सफाईने ठिगळ लावलं होतं, रेघेला रेघ जुळवून. मग सुईचा सूर बदलला. कापडाच्या दुमडीचा असतो तसा जड, गच्च. आणि हात, शिकवल्याप्रमाणे, थांबला.

पोर ओरडली नाही. ते आजीला अजून झोपेत आठवतं, की ती ओरडली नाही. तिने एवढंच म्हटलं, “आजी, मागे घे.” आजीने चाक उलटं फिरवलं. सुई नखातून आरपार गेली होती. दवाखान्यात टोचलं, पट्टी बांधली, नख पुढे गेलं आणि आता नवं येतंय, जरा वाकडं. लेक धावत आली तेव्हा तिने काही आदळआपट केली नाही. ती आजीसमोर खुर्ची ओढून बसली आणि तिने हात वर करून विचारलं, आई, किती बोटं. आजीला हाताच्या जागी लेकीच्या साडीचा रंग दिसत होता. तिने अंदाजाने सांगितलं. लेकीने हात खाली घेतला. नंतर म्हणाली ते फार हळू आवाजात म्हणाली, की तू मला सांगितलं नाहीस याचं जास्त वाईट वाटतं. रागावली असती तर आजीला उत्तर देता आलं असतं. त्या आठवड्यापासून शनिवार पाळणाघराकडे गेला. रविवारी दोघी येतात, चहाच्या वेळेला, लेक पूर्ण वेळ बरोबर. शिवणाचं नाव काढायचं नाही. ॲप्रन लेकीनेच धुऊन, डाग काढून, घडी करून कपाटात ठेवला होता. खिसा एकाच बाजूने जोडलेला, वहीच्या पानासारखा उघडमीट करणारा.

तो ॲप्रन आजीने याच आठवड्यात बाहेर काढला होता. मशीनला आता ती हात लावणार नव्हती. पण खालची एक बाजू आणि उजवीकडची एक बाजू, एवढं हातशिलाईने होण्यासारखं होतं. खिसा नीट लागला, एकही टाका इकडचा तिकडे नसला, तर तो लेकीच्या हातात देऊन म्हणता येईल, की बघ, हात अजून शाबूत आहेत. मशीन नको, कात्री नको. नुसतं तिला माझ्याजवळ सुई घेऊन बसू दे, शनिवारी, तासभर. हे वाक्य तिने भांडी घासताना म्हणून पाहिलं होतं, जिना चढताना म्हणून पाहिलं होतं. मग सुया तपासायला गादी घेतली तर ओवलेल्या निघाल्या. तिला वाटलं, चला, कुणीतरी आपल्या बाजूचं आहे. आणि पहिल्याच टाक्याला सुई अडली.

संध्याकाळी तिने फोन केला. लेक आंघोळीला गेली होती, फोन खारूताईने उचलला. आजीने इकडचं तिकडचं विचारलं, पाळणाघरात काय केलंस, जेवलीस का. मग विचारलं, सुयांना गाठी कुणी मारल्या. “मीच,” खारूताई दातांच्या फटीतून म्हणाली, “मी नसताना तुझा दोरा निघून जातो ना. आता नाही निघणार. तू कितीही शिव.” मग आवाज खाली आणून, “निघाला का?”

“नाही गं,” आजी म्हणाली. “निघेल कसा?”

गाठ कापायला कितीसा वेळ लागतो. पण गाठ कापली की दोरा सुटणार, दोरा सुटला की सुई रिकामी, आणि रिकामी सुई ओवणारी आता शनिवारी येत नाही. शेजारी कुणाला सांगता आलं असतं. समोरचा विमावाला भला माणूस आहे, त्याने हसत हसत ओवून दिल्या असत्या. आजीने तो विचार बाजूला सारला. कारण सांगायचं तर तिलाही सांगता आलं नसतं. तिला एवढंच दिसत होतं की एक पोर दार लोटून, बंदी मोडून, दुखऱ्या बोटाने इवल्याशा गाठी मारतेय, आणि त्या गाठी आपण कात्रीने छाटतोय. तिने तशीच शिवायला सुरुवात केली. प्रत्येक टाक्याला सुई घालायची, शेपटाशी अडली की दातांनी धरायची, मान मागे न्यायची, टक्, आणि भोक. धुतलेल्या कपड्याचा आणि लोखंडाचा वास नाकात. खालची बाजू बुधवारी झाली. गुरुवारी दुपारी उजवीकडची सुरू झाली, मधेच नळाला पाणी आलं म्हणून ठेवावी लागली. शुक्रवारी ती उचलली तेव्हा कुठवर आलो हे हातानेच शोधलं. जबडा दुखत होता, हिरडीतून थोडं रक्त आलं होतं, आणि तिला आतून फार बरं वाटत होतं. शेवटी टाके मशीनच्या जुन्या टिपेला येऊन भिडले. तिने दोरा दातांनी तोडला. सवयीने दोन बोटं पुढे आली, कोपरे काढायला. तिने ती मागे घेतली. पहिला हात पोरीचाच जाऊ दे, तिला वाटलं. नव्या खिशात आपली बोटं नकोत.

रविवारी दोघी आल्या. खारूताईची उजवी मूठ बंद होती, बुटाचे बंद सोडतानाही तिने ती उघडली नाही. आजीने ॲप्रन आणून तिच्या गळ्यात घातला, मागे नाडी बांधली, आणि खुर्चीत बसली. हात मांडीवर, परीक्षा देऊन आलेल्या मुलीसारखे. लेक म्हणाली, अगं आई, हे कधी केलंस? आवाजात धाक होता, पण थोडा आनंदही होता, आणि आजीने त्या आनंदाला धरून मनातलं वाक्य जिभेवर आणून ठेवलं. खारूताई खाली मान घालून खिशाकडे बघत होती. तिची कड आजीला डोळ्याच्या कोपऱ्यातून स्वच्छ दिसत होती: वाकलेली मान, एक कान, कोपर. कोपर हललं. मूठ खिशापाशी गेली, थांबली, जरा इकडे सरकली, जरा तिकडे.

“ठेव की आत,” आजी म्हणाली. “मावतं का बघ.”

“ठेवलं,” खारूताई म्हणाली. “मावलं सगळं.”

लेक उठून जवळ आली. ती मुलीपुढे गुडघ्यांवर बसली असावी, कारण तिच्या साडीची सळसळ खालून आली. खाली रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली. मग ती म्हणाली, “छान झालंय हं.”

आजीने तो ‘हं’ ऐकला. तो तिचाच होता. लेकीला तिनेच लहानपणी दिलेला, नातीला परवा-परवापर्यंत दिलेला, आणि त्याचा अर्थ तिच्याइतका चांगला कुणाला कळणार नव्हता. तरीही ती पुढे झुकली आणि म्हणाली, थांब, कोपरे काढायचे राहिले. दोन बोटं खिशाच्या तोंडापाशी गेली. तोंड नव्हतं. बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. टाका, भोक, टाका, भोक; चारी बाजूंनी, तितक्याच निगुतीने. ज्या गच्च लागण्यावर हात इतकी वर्षं थांबत आला होता ते पहिल्या टाक्यापासूनच होतं, प्रत्येक गाठीबरोबर. मग खरी दुमड आली तेव्हा हाताला कळावं कशावरून? तो एका कोपऱ्याऐवजी दोन कोपरे वळला आणि वाट संपेपर्यंत शिवत गेला. हे सगळं तिला एका क्षणात समजलं, आणि समजण्यात कुठेच काही अवघड नव्हतं. तिच्या बोटांवर एक लहान बंद मूठ येऊन टेकली. आत किल्ली असावी, टोक टोचत होतं. मूठ तिथून हलेना.

आजीने बोटं मागे घेतली. “झाले कोपरे,” ती म्हणाली.

चहा झाला. लेकीने पाळणाघराच्या नव्या वेळा सांगितल्या, आजीने बरं म्हटलं. विचारायचं ते वाक्य तिने विचारलं नाही. ते जिभेवरून परत कुठे गेलं तेही तिला कळलं नाही. लेक कप विसळत होती तेव्हा खारूताई आजीच्या कानाशी येऊन कुजबुजली, “अजून आहेत ना सुया?”

“आहेत. भरपूर आहेत.”

“मग झालं,” ती म्हणाली, मोठ्या बायका म्हणतात तसं. ॲप्रन काढून ठेव, रस्त्यात मळेल, असं लेकीने दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही. लेकीनेही तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

दार लागलं. जिन्यावर मोठी पावलं आणि त्यांच्यामध्ये बारकी, घाईची. आजी खिडकीशी गेली. रस्ता उजळ होता, ऊन कलत होतं. दोघी फाटकातून बाहेर पडल्या असतील तिथे तिने रोखून बघितलं आणि तिला रस्ता दिसला. राखाडी, सलग, कुठेही न फाटलेला. मग तिने मान वळवली आणि समोरच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीवर नजर लावली. डोळ्याच्या कडेला निळं काहीतरी चालू लागलं. एक हात आईच्या हातात होता. दुसरा पोटाशी, खिशावर, मूठ आवळून, तसाच दाबून धरलेला. कोपऱ्यावर वळताना पोरीने मागे बघितलं, हात हलवायला तिला हात मोकळा नव्हता. आजीने भिंतीवरची नजर हलवली नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत आजी दुसरीकडेच बघत राहिली.